ओम्बड्समन भिंत पाडत नाही

वाचकाचं पत्र:

‘आम्ही आग्नेय इंग्लंडमधल्या एका गावात राहतो. १९३०च्या सुमाराचं सेमी-डिटॅच्ड, म्हणजे शेजारच्या घराला एका भिंतीने जोडलेलं, घर आहे. सासूबाई चाळीस वर्षं लेस्टरला होत्या. सासरे गेल्यावर आमच्याकडे आल्या. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नाही, म्हणून खालची मागची खोली त्यांना दिली. तिला एकच खिडकी. गेल्या मार्चमध्ये शेजाऱ्यांनी पाया खणायला घेतला तेव्हा आम्हाला कळलं, की त्यांच्या दुमजली एक्स्टेन्शनला, म्हणजे घराच्या वाढीव बांधकामाला, काउन्सिलने (इथल्या स्थानिक पालिकेने) आधीच्या नोव्हेंबरमध्येच परवानगी दिली होती. आम्हाला पत्र आलं नव्हतं. आता भिंत उभी आहे आणि आईंच्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो. बांधकामाचे अर्ज तपासणाऱ्या प्लॅनिंग ऑफिसरच्या अहवालात ती खिडकी युटिलिटी रूमची (कपडे धुण्याच्या वगैरे खोलीची) म्हणून लिहिली आहे. शिवाय वरच्या मजल्याची आमच्या बागेकडची खिडकी आराखड्यात दुधी काचेची होती, बसवली साध्या काचेची. काउन्सिलकडे दोन्ही टप्प्यांवर तक्रार केली. शेवटचं उत्तर आलं, की निर्णय योग्य होता, समाधान नसेल तर काउन्सिलांविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या ओम्बड्समनकडे जा. बांधकामाच्या वेळी त्यांच्या स्किपमुळे (राडारोड्याच्या मोठ्या पेटीमुळे) गाडी दुसरीकडे लावावी लागली, तर काउन्सिलने त्याचंही तिकीट दिलं. शेजाऱ्यांची एका काउन्सिलरशी ओळख आहे. मी चौदा पानांची तक्रार लिहिली आहे, सोबत जोडते. भिंत पाडावी, ऑफिसरवर कारवाई व्हावी, घराची किंमत उतरली ती भरून मिळावी आणि दंड रद्द व्हावा, अशा मागण्या आहेत. पुण्याचा भाऊ म्हणतो, हे लोकायुक्तांसारखं पद आहे, सगळ्यांना समोर उभं करतील. नवरा म्हणतो, सोडून दे, काही होत नाही. काय करू?’

ताई,

तक्रार करा. पण ही चौदा पानं पाठवू नका. ती मी दोनदा वाचली. त्यातला राग खरा आहे आणि त्याला कारणही आहे. पण त्यातली बहुतेक पानं ज्या प्रश्नावर खर्च झाली आहेत, तो प्रश्न ओम्बड्समनला विचारताच येत नाही. तुम्ही पानोपानी सिद्ध करता आहात, की एक्स्टेन्शन फार मोठं आहे, रस्त्यावरच्या इतर घरांना शोभत नाही, परवानगी द्यायलाच नको होती. यातलं सगळं बरोबर असलं तरी त्याच्यापुढे त्याचा उपयोग नाही.

इंग्लंडमधल्या काउन्सिलांविरुद्धच्या तक्रारी पाहणारं हे पद १९७४च्या स्थानिक शासन कायद्याने निर्माण झालं. २०१७पासून त्याचं नाव लोकल गव्हर्न्मेंट अँड सोशल केअर ओम्बड्समन असं आहे. त्याच कायद्यात एक कलम आहे: कारभारात दोष न होता घेतलेला निर्णय चांगला की वाईट, हे ओम्बड्समनने तपासायचं नाही. निर्णय कसा घेतला गेला, एवढंच त्याने पाहायचं. नियमाप्रमाणे लोकांना कळवलं का? जे पाहायला हवं होतं ते पाहिलं का? चुकीच्या माहितीवर निष्कर्ष काढला का? कारणं लिहिली का? हे सगळं व्यवस्थित झालं असेल, तर दुसऱ्या एखाद्या ऑफिसरने नेमका उलटा निर्णय दिला असता हे सगळ्यांना दिसत असूनही ओम्बड्समन हात लावत नाही.

कारभारातला दोष म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात मुद्दाम दिलेली नाही. या देशात संसदेचा पहिला ओम्बड्समन नेमायचा कायदा येत होता तेव्हा, १९६६मध्ये, रिचर्ड क्रॉसमन या मंत्र्यांनी सभागृहात एक यादी सांगितली होती आणि ती आजही आधाराला घेतली जाते. पक्षपात, दुर्लक्ष, निष्काळजीपणा, दिरंगाई, अकार्यक्षमता, मनमानी, असे दोष त्यात आहेत. ज्या निर्णयाशी आपण सहमत नाही, तो निर्णय त्या यादीत नाही. तुमची तक्रार त्या यादीत बसणाऱ्या गोष्टींपुरती ठेवायची आहे, आणि तशा दोन गोष्टी तुमच्याकडे आहेत.

पहिली, पत्र न येणं. ही तुम्हाला सगळ्यात मोठी वाटते. मला ती दुसऱ्या क्रमांकाची वाटते. अशा घरगुती अर्जासाठी कायद्याप्रमाणे काउन्सिलने लगतच्या शेजाऱ्यांना पत्र पाठवायचं, किंवा जागेवर अथवा जवळपास किमान २१ दिवस नोटीस लावायची. दोन्हींपैकी एक केलं तरी कायदा पाळला गेला. समोरच्या दिव्याच्या खांबावर पिवळा कागद लावला होता आणि तुमचं लक्ष गेलं नाही, असं फाइलमध्ये निघालं तर हा मुद्दा तिथेच बारगळतो. पण प्रत्येक काउन्सिलला लोकांना निर्णयात कसं सामील करून घेणार याचं लेखी धोरण छापावं लागतं. इंग्रजीत त्याला स्टेटमेंट ऑफ कम्युनिटी इन्व्हॉल्व्हमेंट म्हणतात. तुमच्या काउन्सिलच्या वेबसाइटवर ते असेल. ‘लगतच्या प्रत्येक घराला पत्र पाठवू’ असं त्यात लिहिलेलं असेल, तर कायद्याने मागितलं त्याहून अधिक वचन त्यांनी स्वतः दिलं आहे, आणि ते मोडणं हा दोष ठरू शकतो. ते पान छापून घ्या. पत्र पाठवल्याची नोंद काउन्सिलकडे असेल तर तीही मागून घ्या. मात्र नोंद निघाली आणि पोस्टात पत्र हरवलं असेल, तर त्यात काउन्सिलचा दोष सहसा धरला जात नाही.

दुसरी गोष्ट खिडकीची. तुमच्या तक्रारीचा जीव इथे आहे, आणि चौदा पानांत ती अकराव्या पानावर चार ओळींत आली आहे. ज्या खोलीत माणूस झोपतो, बसतो, दिवस काढतो, तिच्या उजेडाचा विचार प्लॅनिंगमध्ये वेगळ्या काळजीने होतो. युटिलिटी रूम, बाथरूम यांचा तसा होत नाही. ऑफिसरने आईंची खोली युटिलिटी रूम धरली असेल, तर तिच्या उजेडाचा प्रश्न त्याच्यापुढे आलाच नाही. हा मतभेद नव्हे. ही चुकीच्या वस्तुस्थितीवर केलेली नोंद आहे, आणि नेमकं हेच ओम्बड्समन पाहू शकतो.

पण इथे स्वतःला एक अवघड प्रश्न विचारा. ती खोली कधीकाळी खरोखर युटिलिटी रूम होती का? तुम्ही किंवा आधीच्या मालकांनी ती बदलली का? तसं असेल तर लपवू नका, तारखेसह लिहा. काउन्सिलच्या जुन्या नकाशात ती युटिलिटी असेल आणि ऑफिसरने फक्त नकाशा पाहिला असेल, तर पुढचा प्रश्न असा, की तो जागेवर आला होता का आणि खिडकीतून पलंग दिसत असताना त्याने काय लिहिलं. जागेच्या भेटीची टिपणं आणि फोटो फाइलमध्ये असतात. बऱ्याच काउन्सिलांच्या एक्स्टेन्शनच्या मार्गदर्शिकेत ४५ अंशांची कसोटी असते: शेजारच्या राहत्या खोलीच्या खिडकीच्या मध्यापासून ४५ अंशांची रेघ ओढायची आणि नवं बांधकाम ती ओलांडतं का ते पाहायचं. तुमच्या काउन्सिलच्या मार्गदर्शिकेत ती असेल तर तुमच्या खिडकीला लावली का, एवढं विचारा. ती ओलांडली म्हणजे परवानगी आपोआप नाकारली जाते असं नाही. पण ती लावून पाहिलीच नसेल तर ते सांगण्यासारखं आहे.

तक्रार दोन पानांत बसवा. साधारण अशी:

‘अमुक तारखेच्या अहवालातल्या अमुक परिच्छेदात आमच्या मागच्या खिडकीचं वर्णन युटिलिटी रूमची खिडकी असं केलं आहे. ती झोपण्याची खोली आहे आणि अमुक सालापासून तशी वापरात आहे. त्यामुळे राहत्या खोलीच्या उजेडावर होणाऱ्या परिणामाचा विचार झाला नाही. शेजाऱ्यांना पत्र पाठवण्याचं काउन्सिलचं लेखी धोरण पाळलं गेलं नाही, म्हणून ही चूक निर्णयाआधी दाखवून देण्याची संधी आम्हाला मिळाली नाही. दोन्ही टप्प्यांवर आम्ही हे विचारलं. उत्तरात या मुद्द्यावर एक शब्दही नाही.’

शेवटचं वाक्य विसरू नका. काउन्सिलची दोन्ही उत्तरं तुम्ही जोडली आहेत. त्यात खिडकीचा उल्लेख खरोखरच नाही. तक्रारीला धड उत्तर न देणं हाही कारभाराचाच भाग आहे.

आता दोष सापडला असं धरून चालू. तेवढ्याने भागत नाही. त्या दोषामुळे तुमचं काय नुकसान झालं, हे ओम्बड्समन पुढे विचारतो. खिडकी बरोबर नोंदली असती, तुमचं म्हणणं वेळेत पोचलं असतं, तर निर्णय वेगळा झाला असता का? ‘नाही, तरीही परवानगी मिळाली असती’ असं त्याला वाटलं, तर तुमच्या वाट्याला माफीचं पत्र आणि मनस्तापाबद्दल काही शे पौंड येतील, बहुधा त्याहून जास्त नाही. ‘परवानगी मिळालीच नसती’ किंवा ‘भिंत मागे घ्यायला लावली असती’ असं दिसलं, तर मात्र शिफारस वजनदार होऊ शकते. अशा मोजक्या प्रकरणांत बांधकामाआधीची आणि नंतरची घराची किंमत स्वतंत्रपणे ठरवून फरक द्यायला सांगितलं जातं. म्हणून किमतीची मागणी पूर्ण काढू नका, पण ‘घराची किंमत पडली’ हा पहिला मुद्दा करू नका. प्लॅनिंगच्या निर्णयात शेजारच्या घराची किंमत विचारात घेतलीच जात नाही, आणि त्या वाक्याने सुरुवात केली की सगळा रोख पैशाचा वाटतो. आईंच्या खोलीची हकीकत आधी येऊ दे.

भिंतीचं मात्र स्पष्ट सांगते. ओम्बड्समनला परवानगी रद्द करता येत नाही. परवानगी मागे घेण्याचा अधिकार १९९०च्या प्लॅनिंग कायद्याने काउन्सिलला आहे, तोही बांधकाम पूर्ण होण्याआधी आणि परवानगीधारकाला भरपाई देऊन. काउन्सिली तो क्वचितच वापरतात. निर्णयाविरुद्ध न्यायालयात जायची मुदत निर्णयाच्या दिवसापासून सहा आठवड्यांची असते. पाया खणलेला तुम्ही पाहिलात तेव्हाच ती उलटून गेली होती. तुमच्या शेजाऱ्यांनी हातात कायदेशीर कागद घेऊन, कर्ज काढून घर वाढवलं. काउन्सिलच्या चुकीची शिक्षा त्यांना देता येत नाही, आणि देऊ नये असंच मलाही वाटतं.

मला सलणारी गोष्ट वेगळीच आहे. परवानगी नाकारली असती, तर तुमच्या शेजाऱ्यांना प्लॅनिंग इन्स्पेक्टरेट या सरकारी संस्थेकडे अपील करता आलं असतं. तिथे निर्णयाचा गुणदोषांसह पुन्हा विचार होतो. परवानगी मिळाल्यावर तुम्हाला तसं अपील नाही. अर्जदाराला दुसरी संधी आणि शेजारच्याला एकही नाही. सहा आठवड्यांत महागडं न्यायालय किंवा नंतर मर्यादित अधिकारांचा ओम्बड्समन, एवढंच त्याच्या हातात. ओम्बड्समनने निवडून आलेल्या काउन्सिलच्या जागी स्वतःचं मत ठेवू नये, हे तत्त्व मला मान्य आहे. पण त्या तत्त्वामुळे उरणारी पोकळी दुसऱ्या कोणी भरलेली नाही, आणि तिचा भार तुमच्या आईंसारख्या माणसांवर पडतो. हे तुमच्या एमपींना लिहा, वेगळ्या पत्रात. कायदा बदलायची जागा ती आहे. ओम्बड्समनच्या फॉर्ममध्ये याची एक ओळही घालू नका.

ऑफिसरवर कारवाईची मागणी काढून टाका. काउन्सिलच्या नोकरांची शिस्त ओम्बड्समनच्या कक्षेत नाही. दोष काढला तरी तो काउन्सिलचा म्हणून काढला जातो. काउन्सिलरच्या ओळखीबद्दलही लिहायचं असेल तर पुरावा हवा. तुमच्या कागदांवरून हा निर्णय समितीपुढे गेलेलाच दिसत नाही, अधिकाऱ्याच्या पातळीवरच झाला आहे. त्यात काउन्सिलरचं मत पडलेलंच नाही. त्यांनी फोन केला, दबाव आणला, असं दाखवणारा कागद असेल तर काउन्सिलरांच्या वागणुकीच्या तक्रारी पाहणाऱ्या, काउन्सिलच्या मॉनिटरिंग ऑफिसरकडे आचारसंहितेची तक्रार होते. नुसती ओळख आहे एवढं लिहिलंत, तर तुमच्या खऱ्या मुद्द्यांकडेही लोक संशयाने पाहतील.

भावाच्या म्हणण्याबद्दल. महाराष्ट्रात लोकायुक्तांचा मूळ कायदा १९७१चा. त्यात भ्रष्टाचाराचे आरोप आणि गाऱ्हाणी, दोन्ही येतात, आणि त्यांचाही शेवट शिफारशीतच होतो. इथल्या ओम्बड्समनला कागद आणि साक्षीदार हजर करायला लावण्याचे हायकोर्टासारखे अधिकार आहेत, हे भाऊ बरोबर सांगतो. प्रत्यक्षात मात्र जवळजवळ सगळं काम कागदांवर, ईमेलवर आणि फोनवर चालतं. कोणाला समोर उभं केलं जाईल अशी अपेक्षा ठेवलीत तर निराश व्हाल. त्याऐवजी कच्च्या निर्णयाकडे लक्ष ठेवा: चौकशी झाली की अंतिम निर्णयाआधी मसुदा तुम्हाला आणि काउन्सिलला पाठवून म्हणणं मागवलं जातं. तो लगेच वाचा, वस्तुस्थितीतली चूक दाखवायची असेल तर पुराव्यासह तेव्हाच दाखवा. बऱ्याच तक्रारी इथवर येतच नाहीत; पहिल्या छाननीतच ‘चौकशी करण्याजोगं नाही’ म्हणून बंद होतात. म्हणून पहिली दोन पानं इतकी महत्त्वाची.

यजमानांना माझ्या वतीने एवढं सांगा. शिफारस काउन्सिलवर कायद्याने बंधनकारक नाही, हे खरं. तरी काउन्सिलांनी शिफारशी मानण्याचं प्रमाण गेली कित्येक वर्षं ९९ टक्क्यांच्या वर आहे. न मानणाऱ्या काउन्सिलला जाहीर अहवालाला, मग दुसऱ्या अहवालाला आणि शेवटी स्थानिक वृत्तपत्रात निवेदन छापण्याला सामोरं जावं लागतं. आणि बऱ्याचदा शिफारस एका घरापुरती राहत नाही. शेजारच्या खोल्यांचा वापर ऑफिसरांनी कसा तपासावा, याची पद्धत बदलायला सांगितली जाते. पुढच्या घरातल्या आईंना त्याचा उपयोग होईल. तक्रारीला पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही, आणि निर्णय प्रसिद्ध होतो त्यात तुमचं नाव नसतं.

पार्किंगचं तिकीट या तक्रारीत घालू नका. ज्या गोष्टीसाठी कायद्याने अपिलाची वेगळी जागा दिली आहे, तिथे ओम्बड्समन सहसा शिरत नाही, आणि तिकिटासाठी अशी जागा आहे: आधी काउन्सिलकडे लेखी हरकत, ती फेटाळली की ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्युनल हे न्यायाधिकरण, लंडनच्या हद्दीत असतात तर लंडन ट्रायब्युनल्स. तेही फुकट आहे. मात्र दंड भरून टाकला असेल तर प्रकरण मिटलं असं धरलं जातं. या सदराकडे येणाऱ्या इतर पत्रांनाही हेच लागू आहे: मुलाच्या विशेष शिक्षणाच्या योजनेतल्या मजकुराचं अपील ट्रायब्युनलकडे जातं, काउन्सिलच्या भाड्याच्या घरातली ओल आणि दुरुस्ती हाउसिंग ओम्बड्समनकडे, आणि पॅरिश काउन्सिलविरुद्धची (गावपातळीवरच्या काउन्सिलविरुद्धची) तक्रार या ओम्बड्समनकडे घेतलीच जात नाही.

दुधी काचेची गोष्ट मात्र अजून जिवंत आहे, आणि ती तुम्ही वाया घालवता आहात. मंजूर आराखड्यात दुधी काच आणि भिंतीत साधी काच, हा परवानगीचा भंग असू शकतो. परवानगीच्या पत्रातल्या अटी वाचा, फोटो काढा, अर्जाचा क्रमांक लिहून काउन्सिलच्या प्लॅनिंग एन्फोर्समेंट विभागाला, म्हणजे परवानगीच्या भंगावर कारवाई करणाऱ्या विभागाला, कळवा. कारवाई करायची की नाही हे काउन्सिलच्या विवेकावर असतं. पण बागेत डोकावणारी काच बदलून घेणं त्यांच्यासाठी भिंत पाडण्याइतकं अवघड नाही. त्यांनी उत्तरच दिलं नाही, किंवा न पाहताच फाइल बंद केली, तर ती नवी तक्रार होईल आणि तिचा प्रवास पुन्हा काउन्सिलपासून सुरू होईल.

आणि ज्याचा तुमच्या चौदा पानांत उल्लेखच नाही ते: उजेडाचा हक्क. प्लॅनिंगची परवानगी एका बाजूला आणि खिडकीला मिळत आलेल्या उजेडावरचा खासगी हक्क दुसऱ्या बाजूला. परवानगी मिळाली म्हणून तो हक्क बुडत नाही. एखाद्या खिडकीतून वीस वर्षं अखंड उजेड येत असेल, मग त्यात आधीच्या मालकांची वर्षंही धरून, तर तो हक्क तयार होऊ शकतो. तुमची खिडकी घराइतकीच जुनी आहे, असं फोटोंवरून वाटतं. हक्क सगळ्या उजेडावर नसतो, नेहमीच्या वापराला पुरेल इतक्यावर असतो, आणि तो मोजणारे सर्व्हेअर असतात. दावा शेजाऱ्यांवर होतो, काउन्सिलवर नाही. म्हणजे शेजारधर्माची किंमत मोजावी लागेल आणि खर्चही आहे. घराच्या विम्यात कायदेशीर खर्चाचं संरक्षण आहे का ते आधी पाहा. भिंत उभी राहून महिने गेले आहेत आणि जितका उशीर तितकी न्यायालयाकडून भिंतीला हात लागण्याची शक्यता कमी, भरपाईची तेवढी उरते. त्यामुळे सर्व्हेअरला एकदा खोली दाखवा, आणि दावा करायचा की नाही ते त्याचा अहवाल हातात आल्यावर आईंसह घरात बसून ठरवा.

ओम्बड्समनकडे जायची मुदत, गोष्ट तुम्हाला कळली त्या दिवसापासून बारा महिन्यांची आहे. काउन्सिलच्या शेवटच्या उत्तरापासून ती मोजत नाहीत, आणि याच गोंधळात पुष्कळांची तक्रार हुकते. तुम्हाला गेल्या मार्चमध्ये कळलं. फेब्रुवारी संपायच्या आत फॉर्म गेला पाहिजे: दोन पानं, ऑफिसरचा अहवाल, धोरणाचं ते पान, काउन्सिलची दोन्ही उत्तरं, आणि आईंच्या खोलीचा भर दुपारी, दिवा न लावता काढलेला एक फोटो.